ग्रीक देवळाची ओसरी

देऊळ म्हटले की आपल्या मनात आधी गाभारा उभा राहतो. मिणमिणणारी समई, फुलांचा आणि तेलाचा मिसळलेला वास, आणि समोर देव. चौक, दीपस्तंभ, सभामंडप हे सगळे त्या गाभाऱ्याकडे नेणारे टप्पे. म्हणूनच प्राचीन ग्रीक देवळांविषयी मी पहिल्यांदा वाचू लागले तेव्हा एक गोष्ट मला फार चमत्कारिक वाटली होती. तिथली मुख्य पूजा देवळात होतच नसे, ती बाहेर होई. देवळासमोर, बहुधा पूर्वेच्या अंगाला, उघड्या आकाशाखाली वेदी असे. बळी तिथे, प्रार्थना तिथे, आणि नंतरची मेजवानीही तिथेच. देऊळ हे देवाचे राहते घर. 'नाओस' या ग्रीक शब्दाचा मूळ अर्थही राहण्याची जागा असाच. आत मूर्ती आणि तिला वाहिलेल्या चीजवस्तू. दार उघडले की देव आतून बाहेरचा सोहळा बघणार आणि माणसे बाहेरून देवाला बघणार.

आता घर आले म्हणजे ओसरी आलीच. आल्यागेल्याला एकदम माजघरात कोणी घेत नाही. ग्रीकांनीही आपल्या देवाच्या घराला ओसरी दिली आणि तिला 'प्रोनाओस' म्हटले, म्हणजे नाओसच्या पुढचे. पुस्तकांतून या देवळांविषयी वाचताना आपण डोरिक, आयोनिक, कोरिंथियन ही खांबांची नावे पाठ करतो आणि पुढे जातो. मला मात्र या ओसरीनेच धरून ठेवले. कारण ग्रीक देवळाची सगळी गोष्ट या एवढ्याशा जागेत सापडते, असे मला दिवसेंदिवस वाटू लागले आहे.

तिची रचना अगदी साधी. एक लांबट खोली घ्या. तिच्या दोन्ही लांब भिंती दाराच्या बाजूला थोड्या पुढे काढा आणि त्या दोन टोकांच्या मध्ये दोन खांब उभे करा. झाली ओसरी! ग्रीक देवळाचा हा सर्वांत सुटसुटीत नमुना. डेल्फीला अथेन्सकरांनी बांधलेले छोटे कोषागार आहे, त्याचा आराखडा नेमका असाच आहे. खांब भिंतींच्या मध्ये न ठेवता समोर ओळीने काढले की दुसरा प्रकार. तशीच ओळ मागच्या बाजूलाही दिली की तिसरा. अथेन्सच्या टेकडीच्या तोंडाशी असलेले अथीना नायकीचे चिमुकले देऊळ या जातीचे, पुढे चार खांब आणि मागे चार. आणि चारही बाजूंनी खांबांची रांग फिरवली की तो आपल्या डोळ्यांपुढे येणारा भव्य नमुना तयार होतो. पण त्या रांगेच्या आतही मूळची ओसरी असतेच. बाहेरचा थाट कितीही वाढला तरी तिला कोणी काढून टाकले नाही.

हे सगळे सुरुवातीला दगडी नव्हते. आर्गोसजवळच्या हेरा देवीच्या क्षेत्रात मातीची एक छोटी प्रतिकृती सापडली आहे, इ. स. पू. आठव्या-सातव्या शतकाच्या सुमाराची. घराला उतरते छप्पर आणि दारापुढे खांबांवर पेललेली लहानशी पडवी. कोकणातल्या किंवा गोव्यातल्या कोणालाही हे घर ओळखीचे वाटावे. ऑलिंपियाचे हेराचे देऊळ साधारण इ. स. पू. ६०० चे. त्याचे खांब आधी लाकडाचे होते आणि एकेक करून ते दगडाचे होत गेले असे मानतात. म्हणूनच त्या देवळातल्या खांबांची जाडी आणि वरची शीर्षे एकमेकांशी जुळत नाहीत. ज्या काळी जो खांब बदलला त्या काळची पद्धत त्याला लागली. इ. स. च्या दुसऱ्या शतकात पॉसेनिअस नावाचा एक चौकस प्रवासी तिथे गेला होता. देवळाच्या मागच्या ओसरीत त्याला एक खांब ओक लाकडाचा दिसला आणि त्याने तशी नोंद करून ठेवली. म्हणजे देऊळ उभे राहून सातशे वर्षे झाली तरी एक लाकडी खांब ओसरीत जपून ठेवलेला! जीर्णोद्धाराच्या नावाखाली जुने सगळे काढून ग्रॅनाइट आणि टाइल्स बसवणाऱ्या आपल्या देवस्थान समित्यांना हा खांब दाखवायला हवा होता.

मागची ओसरी हा काय प्रकार, असे कोणी विचारील. ग्रीकांना देऊळ पुढून आणि मागून सारखे दिसायला हवे असे. म्हणून पुढे जशी ओसरी तशीच मागेही. पुष्कळदा तिच्यातून आत जायला दारच नसे. हिशेबी माणसाला ही उधळपट्टी वाटेल. पण देवळाचा मुख्य उपयोग बाहेरून दिसणे हा असेल, तर मग पाठ अशी कुठली असणारच नाही, नाही का?

काही वर्षांपूर्वी अथेन्सला जाण्याचा योग आला तेव्हा याचा प्रत्यय आला. अक्रॉपोलिसची टेकडी चढून तुम्ही वर येता ते पश्चिमेकडून. समोर पार्थेनॉन. सगळे थबकतात, फोटो काढतात, माझ्या बरोबरच्या मंडळींनीही काढले. आणि गंमत अशी की ती त्या देवळाची मागची बाजू! दर्शनी दार पूर्वेला. जुन्या काळच्या यात्रेकरूलाही संपूर्ण देवळाला वळसा घालूनच देवीच्या समोर यावे लागे. पार्थेनॉनच्या बाहेरच्या रांगेत अरुंद बाजूला आठ आणि लांब बाजूला सतरा खांब आहेत. त्यांच्या आत पूर्वेला सहा खांबांची ओसरी होती. तिच्या खांबांच्या मध्ये जाळ्या बसवून ती बंद करता येई, कारण तिथेही देवीचे चांदीचे किमती सामान ठेवलेले असे. त्या सामानाच्या याद्या संगमरवरावर कोरलेल्या मिळाल्या आहेत. एक खजिनदार मंडळ दुसऱ्याच्या हाती कारभार देताना ओसरीत काय काय आहे ते मोजून, वजन करून देत होते. आपल्याकडचे महाजन ऐकताहेत ना?

पार्थेनॉनच्याही आधी वाटेत लागतो तो प्रॉपिलिया, म्हणजे टेकडीचा दरवाजा. हा दरवाजा म्हणजे देवळाची ओसरीच उचलून टेकडीच्या तोंडाशी आणून ठेवली आहे असे वाटते. बाहेरून डोरिक खांबांची रांग, मधल्या वाटेने आत शिरले की दोन्ही हातांना सडपातळ आयोनिक खांब, आणि पुढे पाच दारे. मधली वाट रुंद आणि चढणीची, कारण उत्सवात बळीची जनावरे तिथून वर न्यायची असत. मेनेसिक्लीस या वास्तुकाराने हे काम इ. स. पू. ४३७ मध्ये हाती घेतले आणि ४३२ मध्ये ते थांबले. स्पार्टाशी युद्ध पेटले. पुढे ते कधीच पुरे झाले नाही. आजही काही भिंतींच्या दगडांवर दगड उचलण्यासाठी ठेवलेले गुटगुटीत उंचवटे तसेच आहेत. काम संपताना ते तासून टाकायचे असतात. ते तासायला कोणी परत आलेच नाही.

आम्हा गोवेकरांना हे खांब काही अगदीच परके नाहीत, हेही इथे सांगायला हवे. ग्रीसकडून रोमने ते घेतले, रोमचे अवशेष मोजून युरोपातल्या पंधराव्या-सोळाव्या शतकातल्या वास्तुकारांनी त्यांचे नियम पुन्हा बसवले, आणि तिथून ते जहाजात बसून मांडवीच्या काठी उतरले. जुन्या गोव्यातल्या सेंट काजेतानच्या चर्चसमोर उभे राहा. रोमच्या सेंट पीटरचा नमुना समोर ठेवून बांधलेल्या त्या दर्शनी भागावर कोरिंथियन पद्धतीचे खांब दिसतील. त्या काळानंतर आमच्या फोंडा महालातल्या देवळांच्या मंडपांतही युरोपीय वळणाचे खांब आणि कमानी आल्या. शाळेत जायच्या वयात आम्ही ज्या खांबांना टेकून बसलो, त्यांचे एक दूरचे घराणे त्या टेकडीवर आहे. पण खांब आले तरी ओसरीचा अर्थ त्यांच्याबरोबर आला नाही. तो प्रत्येक ठिकाणी वेगळा घडला.

ओसरीचा अर्थ म्हणजे काय? तर आत कोण आणि बाहेर कोण, हे जिथे ठरते ती जागा. ग्रीकांनाही हा प्रश्न सुटलेला नव्हता. हिरोडोटसने एक हकीकत दिली आहे. इ. स. पू. ५०८ च्या सुमारास स्पार्टाचा राजा क्लिओमेनीस सैन्य घेऊन अथेन्समध्ये आला आणि त्याने अक्रॉपोलिस ताब्यात घेतले. मग तो अथीनाच्या देवळाकडे निघाला, देवीशी दोन शब्द बोलावे म्हणून. तो दारातून आत येण्याआधीच पुजारीण आपल्या आसनावरून उठली आणि तिने त्याला मागे फिरायला सांगितले. डोरियन वंशाच्या माणसाला इथे प्रवेश नाही, असे. राजाने उत्तर दिले की तो डोरियन नाहीच, अकियन आहे! हातात शस्त्र असलेला राजा आणि दारात एकटी बाई. आणि राजावर आपली जात सांगण्याची वेळ आली. त्याने तिचे ऐकले नाही, पण अथेन्सच्या लोकांनी टेकडीला वेढा घातला आणि तिसऱ्या दिवशी त्याला शहर सोडून जावे लागले.

त्या वेळचे अथीनाचे देऊळ पुढे इ. स. पू. ४८० मध्ये इराण्यांनी जाळले. त्याचा पाया मात्र आजही दिसतो, आणि त्या पायाच्या कडेला टेकून पुढच्या काळात उभी राहिली ती ग्रीसमधली सर्वांत लाडकी ओसरी. एरेख्थेयन या देवळाची दक्षिणेची ओसरी, जिथे खांबांच्या ऐवजी सहा तरुण मुली डोक्यावर छप्पर घेऊन उभ्या आहेत. आपण त्यांना कॅरिअ‍ॅटिड या नावाने ओळखतो.

एरेख्थेयनचे बांधकाम साधारण इ. स. पू. ४२१ ते ४०६ या काळातले. जागा उंचसखल, त्यात देव आणि पूर्वज अनेक, प्रत्येकाची जागा हलवता न येण्यासारखी. त्यामुळे या देवळाला तीन दिशांना तीन वेगवेगळ्या ओसऱ्या, त्याही वेगवेगळ्या उंचीवर. पूर्वेला सहा आयोनिक खांबांची. उत्तरेला खालच्या पातळीवर एक उंच आणि डौलदार, जिच्या नक्षीदार दाराचे वास्तुकारांना आजही कौतुक आहे. आणि दक्षिणेला ही मुलींची. हिच्यातून समोरून आत जाताच येत नाही. कठड्यात कोपऱ्याला एक छोटीशी वाट आहे आणि आतून खाली उतरणारा जिना. म्हणजे ही ओसरी येण्याजाण्यासाठी कमी आणि बघण्यासाठी जास्त.

या मुली कोण? रोमन लेखक विट्रुव्हियस सांगतो की कॅरिए नावाच्या गावाने इराण्यांची बाजू घेतली, म्हणून ग्रीकांनी त्या गावच्या बायकांना गुलाम केले आणि त्यांची शिक्षा सर्वांना दिसत राहावी म्हणून त्यांच्या प्रतिमा इमारतींचा भार वाहायला लावल्या. शतकानुशतके लोकांनी ही गोष्ट खरी मानली. पण बांधकामाच्या काळातलेच जे कोरीव दस्तऐवज सापडले आहेत, त्यांत या पुतळ्यांना फक्त 'कोरे' म्हटले आहे. म्हणजे मुली. बस्स. रोमन सम्राट हेड्रियनने टिवोलीच्या आपल्या महालात त्यांच्या नकला करवून घेतल्या होत्या, त्या १९५२ मध्ये हाती आल्या. मूळ पुतळ्यांचे तुटलेले हात त्यांवरून कळले. एका हाताने वस्त्राचा काठ धरलेला आणि दुसऱ्या हातात तर्पणाचे उथळ पात्र. शिक्षा भोगणारी माणसे अशी उभी राहत नाहीत. पूजेला आलेली राहतात. ज्या पायावर भार आहे त्या पायावरच्या वस्त्राच्या चुण्या खांबाच्या पन्हळीसारख्या सरळ उतरतात, दुसरा गुडघा किंचित वाकलेला, आणि मानेमागून उतरणारी जाड वेणी मानेला बळकटी देते. वजन आहे, पण वजनाचा त्रास चेहऱ्यावर नाही.

मला मात्र त्या मुलींइतकाच भिडला तो दस्तऐवज. अथेन्सला लोकशाही होती आणि देवळाचा खर्च लोकांचा होता, म्हणून हिशेब संगमरवरावर कोरून उघड्यावर लावला. कोणी किती दिवस काम केले, कोणाला काय दिले, सगळे. त्यात ज्यांचा सामाजिक दर्जा कळतो असे ८६ कारागीर आहेत. त्यांत अथेन्सचे नागरिक फक्त २४. बाहेरून येऊन राहिलेले, ज्यांना तिथे मेटिक म्हणत, ते ४२. आणि २० गुलाम. रोजंदारी होती तिथे ती बहुधा एक द्राख्मा, नागरिक असो की गुलाम. वास्तुकारालाही दिवसाचा हिशेब तेवढाच. पूर्वेच्या ओसरीच्या खांबांवर उभ्या पन्हळी कोरण्याच्या कामात सिमिआस नावाचा एक मेटिक दिसतो. त्याच्याबरोबर त्याचे गुलाम: सिंद्रोन, सान्निओन, एपिएइकेस, सोसान्द्रोस. त्यांची मजुरी बहुधा मालकाच्याच खिशात गेली असणार. पण नावे दगडावर राहिली.

आयोनिक खांबाला चोवीस पन्हळी असतात. खालपासून वरपर्यंत एकसारखी खोली ठेवत, दोन पन्हळींमधली अरुंद पट्टी न दुखावता त्या कोरायच्या. एक टवका उडाला की महिन्याचे काम गेले. अशा वेळी संगमरवराला आपला कारागीर नागरिक आहे की गुलाम हे कळत नाही. त्याला फक्त हात कळतो. ज्या देवीच्या दारात राजाला त्याच्या वंशावरून अडवले, तिच्याच टेकडीवरच्या ओसरीचा खांब सिंद्रोनने दिवसचे दिवस हाताखाली घेतला होता.

हे वाचताना मला आमच्या गावच्या देवळाचे काम आठवले. मी आठ-नऊ वर्षांची असेन. सभामंडप नव्याने बांधत होते. चिरे तासून बसवणारा एक म्हातारा होता, आम्ही मुले त्याला आबा म्हणायचो. काम चालले होते तोवर तो दिवसभर मंडपात असे, खांबाला ओळंबा लावून एक डोळा मिटून बघत बसे. काम संपले, कलशाचा सोहळा झाला. त्या दिवशी आबा बाहेर चौकात, तुळशीवृंदावनाच्याही अलीकडे उभा होता, धुतलेला सदरा घालून. मी आईला विचारले, "आबा आत का येत नाहीत?" आई म्हणाली, "ते तिथूनच नमस्कार करतात, बाय." तिच्या आवाजात राग नव्हता, दुःखही नव्हते. पाऊस जूनमध्ये येतो असे सांगावे, तसे तिने सांगितले. देवळात पाटी आहे. तीवर देणगीदारांची नावे आहेत, रकमेसह. आबांचे नाव नाही. त्या पाटीला अथेन्सच्या त्या दगडाशेजारी ठेवून बघितले की जरा गप्पच व्हायला होते. अथेन्सने गुलामी सोडली नाही, हे खरेच. ते विसरून त्यांची आरती ओवाळण्यात अर्थ नाही. पण कोणी काम केले हे लपवावे असे निदान त्या हिशेबनिसाला वाटले नाही.

एरेख्थेयनची गोष्ट मात्र हिशेबाच्या दगडापाशी संपत नाही. १८०१ पासून पुढे, ग्रीस ऑटोमन सत्तेखाली असताना, इस्तंबूलमधला ब्रिटिश राजदूत लॉर्ड एल्गिन याच्या माणसांनी अक्रॉपोलिसवरची शिल्पे उतरवायला सुरुवात केली. पार्थेनॉनच्या शिल्पांबद्दल सगळे बोलतात. त्यांच्याबरोबर दक्षिणेच्या ओसरीतली एक मुलगी आणि पूर्वेच्या ओसरीचा कोपऱ्यातला एक खांबही गेला. १८१६ मध्ये हा संग्रह ब्रिटिश म्युझियमसाठी विकत घेतला गेला आणि ती दोघे आजही लंडनमध्ये आहेत. उरलेल्या पाच मुली शहराच्या धुराने झिजू लागल्या म्हणून १९७९ मध्ये त्यांना आत हलवले आणि ओसरीत नकला उभ्या केल्या. २००९ मध्ये टेकडीच्या पायथ्याशी नवे संग्रहालय उघडले. तिथे त्या पाचजणी मूळच्याच मांडणीत उभ्या आहेत आणि सहावीची जागा मोकळी ठेवली आहे.

त्या मोकळ्या जागेवर पाटी लावून भांडायची गरज नाही. ती न बोलता सांगते. खोलीतली एखादी वस्तू नेली तर खोली उरते. पण ओसरीचा खांब नेला तर ओसरी पांगळी होते, कारण तिथला प्रत्येकजण दुसऱ्याच्या भरवशावर उभा असतो. सहाजणींनी मिळून छप्पर धरायचे ठरलेले असते.

आज अक्रॉपोलिसवर पार्थेनॉनच्या आत कोणालाच सोडत नाहीत. दोरी बांधली आहे. कोणी पलीकडे पाऊल टाकले की रखवालदार शिट्टी वाजवतो. राजा असो, पुजारीण असो, फोंड्याहून आलेली बाई असो, सगळे बाहेर. आधी मला याची हळहळ वाटली. मग लक्षात आले की ग्रीकही बरेचसे इथेच उभे राहत होते. दुपारी मी एरेख्थेयनच्या पूर्वेच्या ओसरीसमोर बराच वेळ उभी होते. ऊन कलते झाले तशा खांबांवरच्या पन्हळी एकेक करून सावलीने भरत गेल्या. यांतल्या कोणत्या सिंद्रोनच्या हाताखालच्या होत्या, ते काही सांगता येत नव्हते.